चप्पल निसटते, ती कळते का?

आमच्या मेडिसिन वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर सत्तरीचे एक आजोबा होते. गळ्यात तुळशीची माळ. तक्रार एकच, चालताना तोल जातो. कॉटभोवती तिसऱ्या वर्षाचे सहा विद्यार्थी उभे होते आणि ज्या मुलीला बाकीच्यांनी केस घ्यायला पुढे ढकललं होतं, तिच्या हातातला गुडघा ठोकून बघायचा हॅमर चांगलाच थरथरत होता. तिने पुस्तकात दिलेल्या क्रमाने सुरुवात केली होती. आधी स्मरणशक्ती वगैरे, मग बारा क्रेनियल नर्व्ह, म्हणजे थेट मेंदूतून निघणाऱ्या नसा. त्यातल्या पहिल्याच नर्व्हपाशी गाडी अडली. वास तपासायला कॉफी कुठून आणायची? वीस मिनिटं झाली होती आणि ती अजून नाकापाशीच होती. दुखणं पायांत.

म्हटलं, हॅमर ठेव खिशात. आजोबांना विचार, पायताण निसटतं का.

“निसटतं की,” आजोबा म्हणाले.

“निसटलेलं कळतं का?”

“न्हाई कळत. धा पावलं पुढं गेल्यावर मागनं कोनतरी हाक मारतंय, अवो, पायताण ऱ्हायलं तुमचं.”

आणि सकाळी तोंड धुताना? तिथेच तर दोनदा पडलो, म्हणाले. मोरीत वाकून, डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं की पुढे झोक जातो.

आता यात काय कळलं ते बघा. चप्पल निसटते आणि निसटलेली कळते, तेव्हा बहुधा पावलाची ताकद कमी झालेली असते. खबर मात्र वर पोचते. निसटते आणि कळतच नाही, तेव्हा खबरच वर जात नाही. तळव्याखाली काय आहे, घोटा किती वाकलाय, हे मेंदूला सांगणारी एक वाट मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जाते, तिला डॉर्सल कॉलम म्हणतात. ती बिघडली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो. पाय कुठे आहे ते बघून ठरवतो. तोंड धुताना डोळे मिटले की तोही आधार जातो आणि माणूस पडतो. दोन प्रश्न विचारून झाले, अंगाला हातही लावला नव्हता, आणि बिघाड कुठल्या वाटेवर आहे ते जवळजवळ ठरलं होतं. मग माळेकडे लक्ष गेलं. मांस, मासे, अंडी वर्ज्य, दूध चहापुरतं. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं, आणि ते कमी पडलं की हीच वाट बिघडते. इंजेक्शनं सुरू झाली.

ती मुलगी नंतर जिन्यात म्हणाली, “सर, डॉर्सल कॉलम मला तोंडपाठ होते. पण ते चपलेत असतात हे माहीत नव्हतं.”

या लेखाचा विषय तिच्या या दुसऱ्या वाक्यातच आहे. तिला येत होतं, पण समोर माणूस आल्यावर आठवेना. या अवस्थेला एक नाव आहे, न्यूरोफोबिया, म्हणजे न्यूरॉलॉजीची, मज्जासंस्थेच्या आजारांच्या शास्त्राची भीती. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठातले न्यूरॉलॉजीचे शिक्षक राल्फ जोझेफोविच यांनी १९९४ साली एका छोट्या लेखात ते वापरलं आणि ते रूढ झालं. त्यांचं म्हणणं साधं होतं. विद्यार्थी मज्जासंस्थेचं मूळ विज्ञान शिकतात, पण ते रुग्णापाशी वापरता येत नाही, आणि त्यातून भीती बसते. २००२ साली ब्रिटनमध्ये विद्यार्थी आणि डॉक्टर, दोघांनाही विचारून पाहिलं, तेव्हा सगळ्या शाखांत सर्वांत अवघड म्हणून न्यूरॉलॉजीच पुढे आली, आणि ‘यातलं मला नीट येतं’ असं म्हणण्याचा विश्वासही तिथेच सर्वांत कमी होता. नंतर कितीतरी देशांत अशी विचारणा झाली आणि उत्तर साधारण तेच आलं. आमच्याकडे प्रश्नावली वाटायचीही गरज नाही. फायनल एमबीबीएसच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर जाऊन विचारा, कुठली लाँग केस, म्हणजे सविस्तर तपासायचा रुग्ण, नको? ‘सीएनएस सोडून काहीही लागू दे.’ सीएनएस म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू.

ही भीती येते कुठून? विषय अवघड आहे, हे मला पुरतं पटत नाही. किडनी काही सोपी नाही आणि हृदयाचा ईसीजी वाचणं तर मला स्वतःला आजही डोकेदुखी वाटते. फरक आहे तो शिकवण्याच्या क्रमात. पहिल्या वर्षाला पोरगं बारावी नि ‘नीट’ची परीक्षा संपवून येतं आणि त्याच्या पुढ्यात फॉर्मॅलिनमधला मेंदू ठेवला जातो. राखाडी, रबरासारखा. त्याच्या चकत्या, चकत्यांना नावं, मज्जारज्जूच्या आडव्या छेदात रंगीत पेन्सिलींनी भरलेले ट्रॅक्ट, म्हणजे मज्जातंतूंच्या वाटा. हे सगळं पाठ होतं, परीक्षेत उतरतं आणि विसरलं जातं. ज्याच्यासाठी ते शिकायचं तो लकवा झालेला माणूस भेटतो एक-दोन वर्षांनी, तोवर नकाशा पुसलेला असतो. गावात कधी पाऊल टाकलं नाही आणि गल्ल्यांची नावं मात्र पाठ करून घेतली, असा हा प्रकार. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच रुग्ण दाखवायची तरतूद आहे, ही चांगली गोष्ट. पण शंभर-दीडशे मुलांच्या वर्गाला लेक्चर हॉलमध्ये एका रुग्णाचा व्हिडिओ दाखवून ती पुरी होते, असंही मी पाहिलंय.

त्यात भर आमच्या लोकांची. न्यूरॉलॉजी म्हणजे हुशारांचं काम, अशी एक हवा आम्ही शिक्षकांनीच करून ठेवली आहे. मी विद्यार्थी असताना एका परीक्षकांनी माझ्या हातातून हॅमर काढून घेतला आणि म्हणाले, “हा धरता येत नाही, आणि लीजन सांगणार?” लीजन म्हणजे बिघाडाची जागा. पुढची चार-पाच वर्षं मी सीएनएसच्या रुग्णापाशी दुसऱ्याला पुढे करत होतो. हॅमर कसा धरायचा ते मात्र त्यांनीही दाखवलं नाही. सैल धरायचा, मनगटातून पडू द्यायचा. इतकंच.

खरं तर न्यूरॉलॉजीचा गाभा आपण सगळेच घरी वापरतो. लाइट गेली की आपण काय करतो? आधी गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये आहे का ते बघतो. तिथेही नसेल तर बिघाड लांबचा, डीपीचा किंवा त्याच्याही पलीकडचा. समोर आहे, आपल्या जिन्यात नाही, तर बिल्डिंगचं काहीतरी. जिन्यात आहे, फक्त आपल्याकडे नाही, तर मेन स्विच. एकाच खोलीत नाही, तर तिथली वायर. दिवा एकच बंद असेल तर बल्ब. कुठे आहे आणि कुठे नाही, एवढं बघून आपण बिघाडाची जागा ठरवतो. वायरमन येण्याच्या आधीच. न्यूरॉलॉजिस्ट दिवसभर हेच करतो. अर्धं अंग गेलंय, त्याच बाजूचा चेहराही वाकडा आहे आणि बोलणंही बंद आहे, म्हणजे बिघाड वर मेंदूत. दोन्ही पाय गेले, हात शाबूत, तर मज्जारज्जूत, बहुधा मानेच्या खाली. हाताची फक्त करंगळी आणि शेजारचं बोट बधिर, तर कोपरापाशी दबलेली एक नस. कुठे चालू आहे तेही तितकंच महत्त्वाचं, आणि विद्यार्थी नेमकं तेच लिहायचं विसरतात.

चेहऱ्याचं उदाहरण मी दर बॅचला देतो, कारण त्यात हातात काही धरावं लागत नाही. सकाळी उठल्यावर तोंड वाकडं झालेल्या बाईला घरचे घेऊन येतात. वारं गेलं म्हणतात आणि घाबरलेले असतात. कपाळाला आठ्या घालायला सांगायच्या. आता गंमत अशी की कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून लाइन आलेली असते. खालच्या चेहऱ्याला मात्र मुख्यतः समोरच्या, म्हणजे विरुद्ध बाजूकडूनच. दोन फेजवरच्या घरात एक फेज गेला तरी काही दिवे चालू राहतात, तसं. म्हणून मेंदूच्या एका बाजूला झटका आला तर तोंड वाकडं होतं, पण आठ्या दोन्हीकडे पडतात. आठ्या एका बाजूला पडतच नाहीत, डोळाही मिटत नाही, तर बहुधा मेंदूतून बाहेर पडून चेहऱ्याकडे येणारी शेवटची वायरच बिघडली आहे, तिथून पुढे सगळंच बंद. ही बहुतेक वेळा बेल्स पाल्सी असते आणि बरेच जण त्यातून बरे होतात. वाचकांना एक हात जोडून विनंती, हे वाचून घरी आठ्या मोजत बसू नका. तोंड अचानक वाकडं झालं तर आधी सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा; आठ्यांचं तिथले डॉक्टर बघतील.

आता भीतीची किंमत कोण मोजतं, ते सांगतो. पंचेचाळीसच्या आसपासचा एक शेतकरी आला होता. तीन महिने पाय जड, बांधावरून जाताना अडखळतो. पाय म्हटल्यावर बाहेर कुणीतरी कंबरेचा एमआरआय करून घेतला होता. त्याचे काही हजार गेले आणि रिपोर्ट नॉर्मल. मग ‘काही नाही, मनाचं आहे’ असं ऐकून तो आमच्याकडे आला. गुडघ्यावर हॅमर पडला तसा पाय उडून समोरच्या विद्यार्थ्याच्या ॲप्रनला लागला. तळव्यावरून किल्ली ओढली तर अंगठा वर; एरवी तो खाली वळतो.

गुडघ्याचा झटका ही मज्जारज्जूतल्या मज्जारज्जूतच होणारी देवाणघेवाण असते, पण वरून मेंदूचा लगाम तिला असतो. लगामाची वायर कुठेतरी वर तुटली की झटका मोकाट सुटतो. म्हणजे पायाचा झटका वाढलेला दिसला तर बिघाड त्या जागेच्या वर शोधायचा. मज्जारज्जू स्वतः पहिल्या-दुसऱ्या लंबर, म्हणजे कंबरेच्या मणक्यापाशीच संपते, खाली नुसत्या नसांचा झुपका. या माणसाच्या कंबरेत बघून उपयोगच नव्हता. टाचणी पायापासून वर वर टोचत नेली, बेंबीच्या दोन बोटं वर आल्यावर तो म्हणाला, “हितं लागतंय.” बेंबी म्हणजे दहाव्या डॉर्सलचा, पाठीतल्या दहाव्या नसेचा इलाका. पाठीच्या वरच्या भागाचा एमआरआय झाला. मणका क्षयाने पोखरला होता आणि मज्जारज्जूवर दाब होता. एक हॅमर, एक किल्ली, एक टाचणी. पहिला फोटो काढायला सांगणारा डॉक्टर अडाणी नव्हता. माझी खात्री आहे, त्यालाही ट्रॅक्ट पाठ होते. फक्त हॅमर बाहेर काढायची भीती वाटली, आणि मशीनला विचारणं सोपं गेलं. मशीन मात्र आपण दाखवू तिथलंच बघतं.

जागा ठरली की दुसरा प्रश्न, काय झालंय? त्याचं अर्धं उत्तर काळात असतं. क्षणात झालं तर रक्तवाहिनी. दिवसांत वाढत गेलं तर सूज किंवा संसर्ग. महिन्यांत तर गाठ किंवा दाब, वर्षांत तर झीज. येतं नि जातं, मधे माणूस ठणठणीत, तर फिट किंवा मायग्रेन. अपवाद पुष्कळ आहेत, पण तिसऱ्या वर्षाच्या मुलाला उभं राहायला एवढी जमीन पुरते.

आणि हे सगळं मिळतं बोलण्यातून. इथे मराठी मुलांकडे एक जास्तीचं हत्यार आहे, जे कुठल्याच इंग्रजी पुस्तकात मिळत नाही. ‘चक्कर येते’ हे घ्या. विद्यार्थी लगेच केस-शीटवर व्हर्टिगो, म्हणजे गरगरणं, लिहितो आणि पुढे सगळं चुकतं. चक्कर म्हणजे काय होतं, हे विचारा. एक म्हणेल घर गरगर फिरतं. दुसरी म्हणेल उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. तिसरा, झोकांड्या जातात, पण बसलो की काही नाही. चौथी नुसतीच, कसंतरी होतं. पहिल्याचा कान किंवा मेंदूचा मागचा भाग बघायचा, दुसरीचं ब्लडप्रेशर उभं करून घ्यायचं, तिसऱ्याचे पाय आणि लहान मेंदू. चौथीशी निवांत बोलायचं. एकाच शब्दात चार आजार, आणि ते वेगळे करायला लागते फक्त खुर्ची. तसंच बधिर म्हणजे काय? काही जण ‘हात बधिर झालाय’ म्हणतात आणि त्यांना म्हणायचं असतं हात उचलत नाही. मुंग्या येतात, गादीवर चालल्यासारखं वाटतं, भाताचा घास कालवता येत नाही, उकिडवं बसलं की उठवत नाही, वेणी घालताना हात भरून येतात. या प्रत्येक वाक्याला मज्जासंस्थेत एक पत्ता आहे. मांड्यांच्या मोठ्या स्नायूंत ताकद नसेल तर उकिडव्यावरून उठता येत नाही. बोटांच्या लहान स्नायूंत नसेल तर घास कालवता येत नाही. मी मुलांना ही वाक्यं लिहून आणायला लावतो, आपापल्या बोलीतली. लातूरची, सावंतवाडीची, भंडाऱ्याची. एका मुलाने आजीचे सतरा शब्द आणले होते. नुसत्या चालण्याबिघडण्याचे.

मग शिकवायचं कसं? पहिलं म्हणजे शिक्षकाने विचार मोठ्याने करायचा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात नामवंत न्यूरॉलॉजिस्ट शार्को मंगळवारी वर्ग घ्यायचे. ओपीडीतून आलेला, त्यांनी स्वतः आधी न पाहिलेला रुग्ण सगळ्यांसमोर तपासायचे आणि बोलत बोलत निदानाकडे जायचे. रुग्णांचा, विशेषतः हिस्टेरियाच्या बायकांचा तिथे जो तमाशा झाला तो आपल्याला नको. पण एवढा मोठा माणूस उत्तर आधी माहीत नसताना चार लोकांत चाचपडतो, हे दिसणं मुलांसाठी फार मोलाचं. आमच्याकडे केस प्रेझेंटेशन म्हणजे सरांना उत्तर माहीत आणि पोरांनी ओळखायचं. त्यात शिकणं कमी, पकडलं जाणं जास्त. त्याच शार्कोंच्या तालमीतल्या बाबिन्स्कींनी १८९६ साली तळव्याच्या खुणेवर, त्या वर जाणाऱ्या अंगठ्यावर, जे टिपण मांडलं ते जेमतेम काही ओळींचं होतं. सव्वाशे वर्षांनंतरही त्या अंगठ्याला पर्याय निघालेला नाही.

दुसरं, ओझं कमी करायचं. संपूर्ण न्यूरॉलॉजिकल तपासणी तासभर चालते आणि ती रोज कुणीच करत नाही, न्यूरॉलॉजिस्टही नाही. २००९ साली कॅनडात जाणकारांना विचारून विद्यार्थ्याला अवश्य यावी अशी यादी काढली, ती वीस-बावीस गोष्टींत आटोपली. मी तर पहिल्या पोस्टिंगला सातच देतो, त्यातली पहिली चाल. रुग्ण वॉर्डात येताना दारापासून कॉटपर्यंत कसा आला ते बघितलं का? बहुतेकांनी मोबाइल बघितलेला असतो.

तिसरं, नॉर्मल भरपूर बघायचं. पोरांना नॉर्मल झटका किती असतो तेच ठाऊक नसतं, मग वाढलेला कसा ओळखणार? हॉस्टेलवर एकमेकांचे गुडघे ठोका म्हणतो. घरी तान्हं बाळ असेल तर त्याच्या तळव्यावरून बोट फिरवून बघा; अंगठा वर जाईल, कारण मेंदूच्या त्या वायरींवरचं आवरण अजून पुरतं चढलेलं नसतं. वर्ष-दीड वर्षात तो खाली जायला लागतो. एका मुलीने भाच्याचा तळवा महिन्या-महिन्याला बघून वहीत लिहून ठेवला. तिला पिरॅमिडल ट्रॅक्ट, म्हणजे मेंदूकडून खाली येणारी ही लगामाची वायर, आता कधी शिकवावा लागणार नाही.

नुसत्या बघण्यात काय ताकद असते, याचं उदाहरण मुंबईतच आहे. जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्ट नोशीर वाडिया यांना काही रुग्ण दिसले, तोल जाणारे, घराण्यातच तो आजार असलेले. त्यांना डावीकडून उजवीकडे बघायला सांगितलं की बुबुळं उडी मारण्याऐवजी सावकाश सरकत जायची. वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ साली ते ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडलं. जगात रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला तेही हेच साल, तेव्हा मुंबईत स्कॅनचा प्रश्नच नव्हता. आज ज्या आनुवंशिक आजाराला एससीए-२ म्हणतात त्याची ही मोठी खूण. त्याचं जनुक सापडायला १९९६ उजाडलं. मुलांना हे सांगितलं की ती पुढच्या रुग्णाच्या डोळ्यांसमोर बोट जरा जास्तच वेळ फिरवतात. फिरवू देत.

या सगळ्या उपायांवर जगभर प्रयोग झाले आहेत. गटात केस सोडवणं, वरच्या वर्षाच्या मुलांनी शिकवणं, आधी घरी व्हिडिओ बघून वर्गात चर्चा, असं बरंच. बहुतेकांचा निकाल चांगला येतो. मात्र मी त्यावर मान डोलवताना जरा जपतो, कारण अनेकदा मोजलेला असतो विद्यार्थ्याचा आत्मविश्वास. आत्मविश्वास वाढला म्हणून निदान बरोबर येतंच असं नाही. कधीकधी उलटंच होतं.

एक जुना टोमणा अजून वॉर्डात फिरतो, की न्यूरॉलॉजिस्ट आजाराचं सुंदर नाव सांगतात आणि रुग्णाला घरी पाठवतात. मुलं त्यामुळेही लांब राहतात. एकेकाळी त्यात तथ्य होतं. आज मेंदूत गुठळी अडकलेला रुग्ण साडेचार तासांत पोचला तर ती विरघळवण्याचं औषध देता येतं, आणि त्या अवधीत उशीर होणारं प्रत्येक मिनिट म्हणजे सरासरी १९ लाख चेतापेशी गमावणं, असा एक हिशेब आहे. फिट येणाऱ्या दहांतले सातएक जण योग्य औषधांवर फिटमुक्त राहू शकतात. आणि जानेवारी २०२५ आठवा. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गिलॅन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले, संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि घराघरांत ते नाव पोचलं. त्या आजारात बहुधा पायांपासून सुरू होऊन वरवर ताकद कमी होत जाते आणि गुडघ्याचे झटके नाहीसे होतात. वेळेत ओळखलं तर उपचार आहेत, व्हेंटिलेटरची वेळ येण्याआधी रुग्ण योग्य जागी पोचवता येतो. अशा वेळी पहिला भेटतो तो गल्लीतला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातला एमबीबीएस डॉक्टर. ‘पाय लटपटतात’ म्हणणाऱ्याच्या गुडघ्यावर तो हॅमर मारतो की अशक्तपणाचं सलाइन लावतो, हे त्याच्या तिसऱ्या वर्षात ठरून गेलेलं असतं.

आजोबा तीन महिन्यांनी ओपीडीत आले. ती मुलगी तेव्हा दुसऱ्या पोस्टिंगला होती, तरी निरोप मिळाल्यावर आली. आल्या आल्या तिने तिचा लाडका प्रश्न टाकला, आता पायताण निसटतं का?

“न्हाई निसटत,” आजोबा म्हणाले. ती माझ्याकडे बघून हसली. तेवढ्यात आजोबा पुढे म्हणाले, “नातवानं नवं घेतलंय न्हवं, मागं पट्टा हाय. ते कसं निसटंल?”

ती गप्प झाली. खाली वाकून सँडलच्या पट्ट्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही.

“आजोबा,” ती म्हणाली, “ते काढा पायातून. आणि पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहा बरं. पडणार नाही, मी मागे आहे.”